"साहेब नवरा छे?": रिसेप्शनवरून ईएच्या खुर्चीपर्यंतचे अकरा महिने

पुण्याची मावसबहीण एकदा माझ्या टेबलासमोर बसली होती. स्पीकरवर कुणीतरी विचारलं, "बेन, साहेब नवरा छे?" ती पाणी पिता पिता ठसकलीच. गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामे, मोकळे. साहेब मोकळे आहेत का, एवढाच तो प्रश्न. बडोद्यात वाढलेल्या आम्हा मराठी लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही. आणि तो प्रश्न दिवसातून तीस-चाळीस वेळा ऐकून, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाला वेगळ्या तऱ्हेनं 'नाही' म्हणणं, हेच आता माझं काम आहे.

त्याआधी पाच वर्षं मी मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका कंपनीत रिसेप्शनला होते. फोन घ्यायचा, कुरिअरची नोंद करायची, आलेल्याला पाणी विचारायचं. हातात 19,500. काम वाईट नव्हतं, पण पाचव्या वर्षीही मी तेच रजिस्टर भरत होते, फक्त ते सातवं रजिस्टर होतं. ऑगस्ट 2023 मध्ये ओळखीच्या एका बाईंकडून कळलं, की जीआयडीसीच्याच दुसऱ्या टोकाला पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत एमडींच्या पीए निवृत्त होतायत. जागा तीच, नाव मात्र आता 'एक्झिक्युटिव्ह असिस्टंट'. मी नेटवर शोधलं, तर सगळे सल्ले न्यूयॉर्कच्या विसाव्या मजल्यावरचे. गुजराती मालकाच्या कंपनीत, जिथे एमडींनाही जुने कामगार 'भाई' म्हणतात, तिथे नव्या मुलीनं काय करायचं, हे कुठेच सापडलं नाही. म्हणून हे लिहितेय.

पहिली मुलाखत 21 ऑगस्टला, एचआरमधल्या माझ्याहून लहान मुलानं घेतली. दहा मिनिटं टायपिंग, एक्सेलमध्ये एक यादी लावून देणं, 'पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता' वगैरे. ती सोडून देऊ. खरी मुलाखत 4 सप्टेंबरची. सर स्वतः होते आणि कोपऱ्यात निवृत्त होणाऱ्या बेन बसल्या होत्या. पांढरा अंबाडा, मांडीवर वही. त्या सत्तावीस वर्षं त्या खुर्चीवर होत्या. सगळं ऑफिस त्यांना 'मोटां बेन', म्हणजे थोरल्या ताई, म्हणायचं.

सरांनी एक कागद पुढे केला. सुरतेच्या एका डीलरनं नव्या शोरूमच्या उद्घाटनाला बोलावलं आहे, जाता येणार नाही, उत्तर लिहा. इंग्रजीत आणि गुजरातीत, पाच मिनिटांत. मी लिहिलं, की सर त्या दिवशी खूप बिझी असल्यामुळे येऊ शकणार नाहीत, क्षमस्व. सरांनी ते वाचलंही नाही, मोटां बेनकडे सरकवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाल्या, "बिझी तो बधाय होय." बिझी तर सगळेच असतात. सुरतेचा माणूस काय रिकामा बसलाय?

मग पेन्सिलीनं तिथेच दुरुस्त करून दाखवलं. आधी बोलावल्याबद्दल आनंद. मग त्या तारखेला येणं जमत नाही, एवढंच. मग सर त्याऐवजी काय करणार आहेत: सेल्सचे प्रमुख येतील, आणि सर पुढच्या सुरत फेरीत शोरूम बघतील. कारण कुठेही नाही. "कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो," त्या म्हणाल्या. "मीटिंग आहे म्हटलं तर म्हणेल संध्याकाळी या. ताप आहे म्हटलं तर फळं घेऊन येईल."

नापास झाले असं समजून मी परतीच्या वाटेवर सेव-उसळ खाल्ली, नेहमीपेक्षा तिखट. 15 सप्टेंबरला ऑफर लेटर आलं. पगार 32,000, सहा महिने प्रोबेशन.

इथे एक कागदपत्रांची गोष्ट, कारण ह्यात बऱ्याच जणी फसतात. जुन्या कंपनीत मी 1 ऑक्टोबर 2018 ला लागले होते. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं सलग नोकरी लागते, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत थांबणं भाग होतं. मी नव्या कंपनीच्या एचआरला हे सरळ सांगितलं. वाटलं होतं, पैशाला चिकटलेली समजतील. उलट तो मुलगा म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, दिवाळीनंतरचीच तारीख धरू." राजीनामा 3 ऑक्टोबरला दिला, 2 नोव्हेंबर शेवटचा दिवस. ग्रॅच्युइटीचा हिशेब तेव्हा असा होता: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. माझा मूळ पगार 9,800, महागाई भत्ता वेगळा नव्हता. आले 28,269 रुपये. अर्ज 6 नोव्हेंबरला दिला. कायद्यानं तीस दिवसांत मिळायला हवी, मला अडतीस लागले आणि मध्ये तीन फोन करावे लागले. तिसऱ्या फोनला मी तारीख आणि पोचपावती वाचून दाखवली. राजीनामा, रिलीव्हिंग लेटर, ग्रॅच्युइटीचा अर्ज, प्रत्येक कागदाच्या प्रतीवर पोच घ्या. समोरचा 'अरे बेन, विश्वास नथी?' म्हणतो, तेव्हा हसायचं आणि कागद तसाच पुढे धरून ठेवायचा.

रुजू होण्याचा दिवस सरांनीच ठरवला: लाभपंचमी, शनिवार, 18 नोव्हेंबर. गुजरातेत दिवाळीनंतर धंदे त्या दिवशी उघडतात. मी नव्या कुर्त्यात साडेनऊला पोचले, तर मोटां बेन आधीच आलेल्या. त्या दोन आठवडे मला शिकवायला थांबणार होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. मला घेऊन सगळं ऑफिस फिरल्या. स्टोअर, डिस्पॅच, शॉप फ्लोअर, गेटवरचे वॉचमन, सरांचे ड्रायव्हर, चहा देणारे काका. प्रत्येकाला माझं नाव सांगितलं आणि मला त्यांचं. दुपारी छास पिताना म्हणाल्या, सर कुठे आहेत हे ड्रायव्हरला माहीत असतं आणि सरांचा मूड काय आहे हे चहावाल्या काकांना. दोघांशी नीट वागलीस तर तुला सरांना फोन करावा लागणार नाही. मी हे आधी चतुराई म्हणून ऐकलं. नंतर कळलं, की त्यांना दोघांच्या मुलांच्या परीक्षेच्या तारखाही पाठ होत्या.

कुणाला काय म्हणायचं हा बडोद्यातला नाजूक मामला. बायकांना नावापुढे 'बेन', पुरुषांना 'भाई', हे वयाशी फारसं बांधलेलं नाही. वीस वर्षांच्या ट्रेनीनंही मला पहिल्या दिवसापासून बेनच म्हटलं. मराठी मंडळी भेटली की आपसूक 'काका', 'वहिनी' सुरू होतं. आमच्या अकाउंट्समध्ये दांडिया बाजारचे एक गृहस्थ आहेत, माझ्या बाबांच्या ओळखीचे. घरी ते काका. ऑफिसात मी त्यांना काका म्हटलं, तेव्हा मोटां बेननी तिथे काही म्हटलं नाही, पण बाहेर आल्यावर म्हणाल्या, उद्या सरांनी त्यांचं एखादं बिल अडवलं, तर ते पुतणीकडे येतील. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना भाई म्हणायला लागले. ते थोडे हिरमुसले. मलाही चार दिवस जिभेवर ते नाव जड गेलं.

फोनची गंमत वेगळीच. रिसेप्शनला असताना माझं काम फोन जोडून देणं होतं, आता न जोडणं. मोटां बेनचा नियम: साहेब कुठे आहेत, कुणासोबत आहेत, कधी उठले, ह्यातलं काही सांगायचं नाही, कधी मिळतील तेवढं सांगायचं. "साहेब मीटिंगमां छे" असं खोटंही बोलायचं नाही, कारण तोच माणूस पाच मिनिटांनी सरांना लिफ्टमध्ये भेटतो. "अत्यारे नहीं मळी शके," आत्ता नाही मिळू शकणार, "साडेचारनंतर मी स्वतः लावून देते." आणि साडेचारला खरंच लावून द्यायचा. हा शेवटचा भाग सगळ्यात अवघड. पहिल्या महिन्यात मी अकरा फोन विसरले. अकरा, कारण मी वहीत लिहून ठेवत होते.

वहीवरून आठवलं. माझी आत्या सरकारी कचेरीतून स्टेनोग्राफर म्हणून निवृत्त झाली. नोकरी लागल्याचं कळताच तिनं पिटमनचं लघुलेखनाचं पुस्तक काढलं. तीन आठवडे रोज संध्याकाळी मी तिच्याकडे बसले. जाड रेघ म्हणजे एक उच्चार, तीच बारीक रेघ म्हणजे दुसरा, त्यामुळे हात कसा दाबायचा ह्यातच सगळी विद्या. मला काही ते जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता कुणी मागतही नाही. पण तिच्याकडून तीन सवयी घेतल्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची: डावीकडे बोललेलं, उजवीकडे मला करायचं आहे ते. दर दिवशी वर तारीख. आणि टेबलावरून उठताना वही बंद, त्यावर पेन आडवं. पेन सरकलेलं दिसलं की समजायचं.

ही तिसरी सवय मला म्हाताऱ्या लोकांचा वहम वाटायची. जानेवारीत पगारवाढीची यादी प्रिंटला दिली आणि ती माझ्या टेबलाच्या प्रिंटरऐवजी कॉरिडॉरमधल्या सामायिक प्रिंटरवर गेली. मी धावले. ट्रेमध्ये चार पानं होती, यादी पाच पानांची. पाचवं पान मशीनच्या मागे जमिनीवर पडलेलं सापडेपर्यंतचा तो दीड मिनिट मी आयुष्यभर विसरणार नाही. त्या दिवसापासून पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर येणार नाही अशी सेटिंग आयटीवाल्याकडून करून घेतली. बहुतेक ऑफिस प्रिंटरमध्ये ती असते, कुणी चालू करत नाही इतकंच. सरांनाही झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "पान मळ्युं ने?" (पान मिळालं ना?) आणि पुन्हा फाइलमध्ये बघायला लागले.

फेब्रुवारीत पहिली बोर्ड मीटिंग. नोटीस किमान सात दिवस आधी जावी लागते, हे मला ठाऊक होतं. मिनिट्स लिहिण्याचं काम खरं तर बाहेरून येणाऱ्या कंपनी सेक्रेटरी बाईंचं, पण त्या म्हणाल्या, तू नोट्स काढ. मी इतक्या मन लावून काढल्या, की दोन संचालकांची जागेच्या भाड्यावरून झालेली बाचाबाची जशीच्या तशी उतरवली, 'टेबलावर हात आपटून' ह्यासकट. त्या बाईंनी वाचलं आणि हसून हसून डोळे पुसले. मग समजावलं: कोण काय म्हणालं ते नाही, काय ठरलं ते लिहायचं. मसुदा पंधरा दिवसांत सगळ्या संचालकांकडे गेला पाहिजे, त्यांना सूचना द्यायला सात दिवस, आणि तीस दिवसांच्या आत मिनिट्स बुकात नोंद. हे आकडे मी कॅलेंडरमध्ये प्रत्येक मीटिंगच्या तारखेपासून पुढे मोजून टाकून ठेवते. माझ्या त्या मूळ नोट्स त्यांच्यासमोरच श्रेडरमध्ये घातल्या.

त्याच महिन्यात पीएफचंही निस्तरलं. जुन्या कंपनीनं पोर्टलवर माझी नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, आणि ती नसली की पैसे नव्या खात्यात वळत नाहीत. दोन मेल, चार फोन, 'करी दईशुं', करून देऊ. मग कळलं, शेवटची वर्गणी जमा झाल्यापासून दोन महिने उलटले की सदस्य स्वतःच ती तारीख टाकू शकतो. यूएएननं, म्हणजे आपल्या पीएफ सदस्य क्रमांकानं, लॉगिन करायचं, 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट', आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी. तारीख एकदा टाकली की सहज बदलता येत नाही, म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच टाका. मी 5 फेब्रुवारीला टाकली, लगेच ट्रान्सफरचा अर्ज केला, एकोणिसाव्या दिवशी पासबुकात रक्कम दिसली. खर्च शून्य. आमच्या गल्लीतला एजंट ह्याचेच 1,500 मागत होता.

आता ज्यामुळे माझं प्रोबेशन लांबलं ती गोष्ट.

दर मंगळवारी दुपारी तीनला सरांचा जर्मनीतल्या एका खरेदीदार कंपनीशी कॉल असायचा. त्यांच्याकडचे सकाळचे साडेदहा. त्यांनी पाठवलेलं आमंत्रण सरांच्या जुन्या मेल आयडीवर गेलं होतं, म्हणून डिसेंबरमध्ये मी आपल्या हातानं कॅलेंडरमध्ये 'मंगळवार, 3:00' अशी नोंद करून ठेवली. हुशारीच केली असं वाटत होतं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात. 2024 साली तो रविवार 31 मार्च. म्हणजे साडेचार तासांचा फरक साडेतीनवर आला आणि त्यांचे साडेदहा आपल्या दुपारी दोनला वाजायला लागले. माझी हातानं टाकलेली नोंद मात्र तीनवरच बसलेली.

2 एप्रिल. आर्थिक वर्ष नुकतंच संपलेलं, अकाउंट्समध्ये माणसं रात्रीची जागलेली. सर अलकापुरीला घरी जेवायला गेले होते. मी डबा उघडला होता, बटाट्याची भाजी होती. दोन वाजून बावीस मिनिटांनी मेल आला. चार जण वीस मिनिटं थांबले होते, आता पुढच्या बैठकीत आहेत, काही अडचण आहे का? त्या कॉलमध्ये वर्षभराच्या ऑर्डरचे दर ठरायचे होते.

मी सरांना फोन केला. ते काही बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं. "आवुं छुं," एवढंच.

ते येईपर्यंत मी माफीचा मेल लिहिला. पहिला मसुदा मोठा होता: आमंत्रण जुन्या आयडीवर आलं होतं, तुमच्याकडे वेळ बदलते ह्याची आम्हाला सूचना नव्हती, वर्षअखेर होती. वाचताना मोटां बेनचा चष्मा डोळ्यासमोर आला. सगळं खोडलं. तीन वाक्यं ठेवली. कॉल चुकला, वेळेची नोंद मी चुकीची केली होती. सरांना ह्याची कल्पना नव्हती. उद्या किंवा परवा तुमच्या सोयीची कुठलीही वेळ सांगा, आणि यापुढच्या नोंदी तुमच्या वेळेनुसार राहतील. खाली माझं नाव, सरांचं नाही. सरांनी वाचलं, 'कुठलीही' च्या जागी 'दुपारी बारापूर्वीची' केलं आणि म्हणाले, पाठव. गुरुवारी कॉल झाला. दर जेवढे अपेक्षित होते तेवढेच ठरले. पण ते दोन दिवस मी नीट जेवले नाही, हेही लिहून ठेवते.

नवीन असाल तर एवढं करा: परदेशातल्या माणसाची बैठक त्यांनीच पाठवलेल्या आमंत्रणावर ठेवा, स्वतः टाकायची वेळ आलीच, तर नोंद करताना टाइम झोन त्यांच्या शहराचा निवडा. अमेरिकेत घड्याळ बदलायचे रविवार वेगळे, मार्चमधला दुसरा आणि नोव्हेंबरमधला पहिला. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली असते आणि युरोप नाही.

17 मेला माझे सहा महिने भरले. त्या संध्याकाळी एचआरच्या मुलानं पाकीट दिलं: प्रोबेशन 30 जूनपर्यंत वाढवण्यात येत आहे. कारण लिहिलेलं नव्हतं. कारण न देण्याची रीत मला एव्हाना माहीत होती, पण ती आपल्यावर आली की कशी बोचते ते तेव्हा कळलं. घरी जाताना दांडिया बाजारात अरविंद निवासासमोर सिग्नलच्या गर्दीत अडकले. श्रीअरविंद पाँडिचेरीला जाण्याआधी 1893 ते 1906 बडोद्याच्या नोकरीत होते. सयाजीराव महाराज त्यांच्याकडून पत्रांचे मसुदे लिहवून घ्यायचे आणि 1903 साली काश्मीरच्या दौऱ्यात त्यांना सेक्रेटरी म्हणून सोबत नेलं होतं. त्या दौऱ्यात दोघांचे खटके उडाले आणि तो प्रयोग पुन्हा झाला नाही. एवढ्या मोठ्या माणसाचंही ह्या कामात जमलं नव्हतं, असं मनाशी म्हणत मी स्कूटर पुढे काढली. समाधान फार टिकलं नाही. त्यांना पुढे दुसरी कामं होती.

माझ्यापुढे फ्रँकफर्ट होतं. रसायन उद्योगाचं आखेमा प्रदर्शन, 10 ते 14 जून. ह्याची सुरुवात खरं तर जानेवारीतच झाली होती. सरांचा पासपोर्ट सहज चाळला, तर त्याची मुदत 28 ऑगस्टला संपत होती. सरांना वाटत होतं, जूनमध्ये जायचं, ऑगस्टपर्यंत आहे की. पण शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू हवा, शिवाय तो दहा वर्षांच्या आतला हवा आणि दोन पानं कोरी. परत यायचे 16 जूनला, म्हणजे 16 सप्टेंबरपर्यंत तरी. बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात 30 जानेवारीची वेळ मिळाली. सर फिरतात म्हणून 60 पानांचा घेतला, 2,000 रुपये. 36 पानांचा 1,500 ला होता. पत्ता बदललेला असल्यानं पोलीस पडताळणी झाली, सर नेमके शॉप फ्लोअरवर असताना. नवा पासपोर्ट 16 फेब्रुवारीला आला. जुन्यावर अमेरिकेचा व्हिसा होता, तो तसाच चालतो, फक्त दोन्ही पुस्तकं जवळ ठेवायची. मी रबर बँडनं एकत्र बांधून ठेवली.

व्हिसाची वेळ अहमदाबादला, 24 एप्रिल. सर म्हणाले, माझे ठसे आधीच दिलेत, तू कागद घेऊन जा. शेंगेनचे बोटांचे ठसे 59 महिने चालतात. सरांनी दिले होते मार्च 2019 मध्ये, म्हणजे फेब्रुवारीतच संपले. हे त्यांना कसं सांगावं ह्याचा मी दिवसभर विचार केला. शेवटी जुन्या व्हिसाच्या पानाची झेरॉक्स काढली, तारखेवर पेन्सिलीनं गोल केला, बाजूला नवी तारीख लिहिली आणि फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवली. त्यांनी बघितलं आणि ड्रायव्हरला सकाळी साडेसहाची वेळ दिली. बाकी कागद: किमान 30,000 युरोचा प्रवासविमा, प्रदर्शनाचं पत्र, हॉटेल, बँकेचे आणि आयकराचे कागद. फी तेव्हा 80 युरो होती, 11 जूनपासून 90 झाली. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतं, म्हणून एप्रिल. 7 मेला गुजरातेत लोकसभेचं मतदान, त्यामुळे कुरिअर एक दिवस लटकलं. 9 मेला पासपोर्ट आला.

ते आठ दिवस सर तिथे होते आणि मी इथे, साडेतीन तास पुढे. त्यांच्या बॅगेत मी एकच कागद ठेवला होता, घडी घालून खिशात मावेल असा: हॉटेलचा पत्ता जर्मनमध्ये, रोजच्या भेटी हॉल आणि स्टॉलच्या क्रमांकासह, जवळची तीन शाकाहारी जेवणाची ठिकाणं. बाकीचं मॅडमनी थेपल्यांनी भरलं होतं. फोन फक्त दोनदा आला. एकदा मोबाइल चार्जर कुठे ठेवला म्हणून. तो मला कसा माहीत असणार? पण माहीत होता. ड्रायव्हरनं निघताना सांगितलं होतं, बाहेरच्या कप्प्यात.

1 जुलैला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. सरांनी सही करून ते स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि लगेच विचारलं, की बडोदा-मुंबई शनिवारचं तिकीट झालं का. मी मोटां बेनना फोन केला. त्या म्हणाल्या, "सारुं," आणि मग दहा मिनिटं त्यांच्या गुडघ्याबद्दल बोलत राहिल्या.

युरोपातली घड्याळं 27 ऑक्टोबरला पुन्हा मागे गेली. 29 ला मंगळवार आणि त्यातच धनतेरस. दोन वाजता सर केबिनमधून हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आले.

"जर्मनी?"

"आजथी त्रण वाग्ये, सर."

त्यांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग माझ्या स्क्रीनवरचं कॅलेंडर.

"तो एक कलाक हुं नवरो छुं?" म्हणजे तासभर मी मोकळा का?

मी वहीची उजवी बाजू बघितली. सुरतेच्या त्या डीलरला साडेचारचा शब्द दिला होता. "ना सर," म्हटलं, आणि त्याचा फोन आत्ताच जोडून दिला.